पांडवापातुर गाव

ठेच लागली का? लागू द्या. वर बघत चालणाऱ्याला खाली कुणीतरी भेटावं लागतं, ते काम माझ्याकडे आहे. मी कुंभरग्याच्या शिवेचा दगड. आता बूड टेकलंच आहे तुमचं, अंगठाही चोळायचा आहेच, तर तेवढ्यात माझी जिंदगी ऐकून घ्या. मला बोलायला माणूस मिळत नाही असं नाही, पण बसलेला मिळत नाही.

निजामाच्या अमदानीत या भागात जमिनीची पैमाईश निघाली. तेव्हा एका वडाराने मला नाल्याच्या काठच्या काळ्या पाषाणातून फोडून काढलं आणि छातीवर छिन्नीने एक फुली मारली. ती फुली म्हणजे माझं शिक्कामोर्तब. बैलगाडीत घालून मला गावाच्या कडेला आणलं, कंबरेपर्यंत गाडलं आणि सांगितलं, इथं गाव संपतं. गाव संपतं म्हणजे काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आज तरी कुठं कळलंय? पण गावालाही कळलेलं नाही, म्हणून मी मनाला लावून घेत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गावात शाळेला जागा द्यायला कुणी तयार होईना, म्हणून शाळा शिवेला लागून बांधली. खिडकी माझ्या बाजूला. पाढे, कविता, मास्तरांच्या घोरण्याचा ताल, सगळं मला तोंडपाठ झालं. पाचवीचा वर्ग निघाला तो पलीकडच्या अंगाला, तिथलं काही ऐकू येईना. त्यामुळे माझी बेरीज-वजाबाकी पक्की आणि टक्केवारी कच्ची राहिली. पुढं टक्केवारीनंच घोळ घातला, पण तो माझ्या नव्हे, पाचवी पास झालेल्यांच्या हातून.

शिवेवर उभं राहिलं की माणसं फार बघायला मिळतात. नवरी माझ्यापर्यंत हुंदके देते आणि मला ओलांडलं की पदराआडून आरसा काढते. जावई माझ्यापाशी गाडी थांबवून केस विंचरतो आणि आत जाताना थकल्यासारखा चेहरा करतो. निलंग्याच्या बाजाराला निघालेला गडी घरात नरम असतो, माझ्या पलीकडे पाऊल पडलं की त्याला कंठ फुटतो. मी बघतो आणि गप्प बसतो. फार माजलेला कुणी दिसला तर अंगठ्याशी बोलतो.

माझ्या पलीकडे, चढावर, माळावरची वस्ती आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेली माणसं दुष्काळ संपल्यावरही तिथंच राहिली. त्या वस्तीत साखराबाई नवी नवरी होऊन आली, तेव्हापासून माझी-तिची ओळख. गावाचा शेवटचा नळ माझ्या अलीकडे, दहा-वीस पावलांवर. तिथून ती घागर भरायची, माझ्यापाशी यायची, घागर माझ्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, “धर रं बाबा जरा.” मग गुडघे चोळायची, सुनेला दोन शब्द हाणायची, सरकारला चार, आणि घागर उचलून चढ चढायची. माझ्या टाळूवर हा वाटीएवढा खळगा दिसतो ना? लोकांना वाटतं पावसाचा आहे. पावसानं नव्हे, तिच्या घागरीनं पाडलाय. तिचे केस पिकले, गुडघे वाजायला लागले, पितळेची घागर जाऊन प्लॅस्टिकची आली, पण नळ काही माझ्या पुढं सरकला नाही.

नळ सरकला नाही, मी मात्र सरकलो. त्याला कारण वीरण्णा अप्पा.

वीरण्णा अप्पाचं किराणा आणि आडतीचं दुकान गावात भर चौकात. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा आणि तोंडात साखर. माणूस वाईट नाही. रस्त्यात पडलेल्याला उठवेल, घरी नेऊन जेवू घालेल, आणि जेवताना त्याचं मत कुणाला आहे ते काढून घेईल. गावाचा कारभार बरीच वर्षं त्याच्याच ओट्यावरून चालतो. कागदावर हद्द कुठं आहे ते तालुक्याला ठाऊक, गावात मात्र दगड तिथं हद्द, आणि अप्पा म्हणेल तिथं दगड.

पहिल्यांदा मला उपटलं ते पंचायतीच्या निवडणुकीत. वस्तीची मतं हवी होती, म्हणून पहारी लावून मला वस्तीच्या पलीकडे नेऊन रोवलं. अप्पा भाविक, नारळ फोडल्याशिवाय मला हात लावत नाही. पुढं नळाची पाइपलाइन वाढवायची निघाली. वस्तीपर्यंत न्यायची तर पाइप पुरेना, म्हणून पुन्हा नारळ, पुन्हा पहार, आणि मी परत शाळेपाशी. माझ्याइतके नारळ इथल्या मारुतीलाही मिळाले नसतील. खोबरं मात्र एकदाही माझ्या वाट्याला आलं नाही.

मग अप्पाला शहराचं वेड लागलं. निलंग्याला गेला की तिथले रस्त्यावरचे दिवे बघत उभा राहायचा आणि परत येऊन जेवायचा नाही. शांतम्मा, म्हणजे त्याची बायको, म्हणायची की दुसरी बायको केली असती तर बरं झालं असतं, निदान तिला ओरडता आलं असतं. एवढ्यात बातमी आली की नवी जनगणना होणार, त्याआधी वर्षअखेरीला सगळ्या हद्दी गोठवणार, आणि जे गाव शहराच्या मापात बसेल ते मोजणीत शहर म्हणून धरणार. अप्पाचा हिशेब सरळ होता. आधी मोजणीत शहर, मग नगरपंचायत, मग दिवे.

दुसऱ्याच आठवड्यात गावाचं रूप पालटलं. सिटी टेलर, सिटी सलून, सिटी चहा. अप्पाचा पोरगा वीरेश रिचार्ज मारायचा, त्याच्या टपरीवर ‘सिटी मोबाईल’ झळकलं. दोन म्हशी असलेल्या गड्यानं गोठ्यावर ‘सिटी डेअरी’ लिहून घेतलं. म्हशींना काही फरक पडला नाही.

आता शहराचं माप काय? तर लोकसंख्या पाच हजारांच्या खाली नको, माणसं दाटीनं राहायला हवीत, आणि कामकरी पुरुषांपैकी चारातले तीन शेतीबाहेर पोट भरणारे हवेत. अप्पानं बेरीज केली. गावातली डोकी थोडी कमी पडत होती. वस्ती धरली की पुरत होती. नारळ फुटला आणि मी वस्तीच्या पलीकडे गेलो. मग कुणीतरी टक्का काढला. वस्तीतले सगळे बाप्ये रानात कामाला, त्यामुळे वस्ती धरली की टक्का घसरत होता. नारळ फुटला आणि मी शाळेपाशी आलो. वस्ती आत घ्यावी तर शेतकरी फार, बाहेर ठेवावी तर माणसं कमी. त्या महिन्यात मी इतक्या वेळा इकडून तिकडं झालो की कुत्र्यांनासुद्धा मी सापडेना.

अशाच एका नारळाच्या वेळी साखराबाई रिकामी घागर घेऊन आली आणि थांबली. ती मोठ्यानं बोलणारी बाई, पण त्या दिवशी हळू बोलली.

“अप्पा, आमी गावात हाव का न्हाई, येकदा काय ते ठरवा.”

“मोजताना हाव की, आक्का.”

“आन पाणी भरताना?”

अप्पानं वर आभाळाकडं बघितलं, खाली माझ्याकडं बघितलं आणि खोबऱ्याचा एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि म्हणाली की खोबरं खवट हाय. मग नळाकडे गेली. येताना तिनं घागर माझ्यावर ठेवली, पण ‘धर रं बाबा’ म्हणाली नाही. मला ते लागलं. दगडाला लागत नाही म्हणणाऱ्यांनी कधी दगड होऊन बघावं.

पुढच्या आठवड्यात रस्ता रुंद करणारं जेसीबी आलं आणि त्यानं मला विचारलंही नाही. एका झटक्यात उपटून रस्त्याकडेला उताणं टाकलं. अप्पा म्हणाला, राहू द्या, शेवटचा टक्का बसला की मग रोवू. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुठल्याच हद्दीवर नव्हतो. खरं सांगू? मजा आली. नुसतं पडून आभाळ बघायचं. पण साखराबाईच्या घागरीला टेकायला जागा राहिली नाही. ती चढाच्या मध्यावर घागर जमिनीवर ठेवायची, आणि पुन्हा उचलताना तिच्या गुडघ्याचा आवाज मला तिथपर्यंत ऐकू यायचा.

इकडं अप्पानं देवळाच्या ओट्यावर सगळ्या बाप्यांची शिकवणी घेतली. तपासायला जनगणनेच्या मॅडम येणार, कुणी काय करतोस विचारलं तर शेती म्हणायचं नाही. दुकान म्हणा, गाडी म्हणा, कंपनी म्हणा, कायबी म्हणा. एकेकाला उभं करून विचारलं, आणि एकेकानं पढवल्यासारखं उत्तर दिलं. फोनवर मॅडमनी तारीख सांगितली, अप्पा म्हणाला, या. शेंगदाण्याचं पोतं उघडायलाही पंचांग बघणारा हा माणूस, तारीख ठरवताना मात्र त्याला पंचांग आठवलं नाही. त्या दिवशी येळवस होती.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या. तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. त्या दिवशी इथं गावात कुणी राहत नाही. लातूरसारखं लातूर रिकामं होतं. वकील, डॉक्टर, दुकानदार, पेन्शनर, सगळे डबे बांधून रानात. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, त्यांना पांडव म्हणायचं, पुजायचं, कोपीभोवती आंबिल शिंपडत ‘ओलगे ओलगे’चा गजर करत फिरायचं आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबिल असं जेवायचं की उठताना दुसऱ्याचा हात लागावा. कोपीत जो येईल त्यानं आधी पांडवाच्या पाया पडायचं, मग पानावर बसायचं. आणि जो येईल त्याला नाही म्हणायचं नसतं.

साखराबाईचं वस्तीच्या पलीकडे अर्धा एकर रान आहे. तिच्या पाच पांडवांपैकी एकाच्या अंगावरून ट्रॅक्टर गेलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी ती माझ्यापाशी आली, मला वरून खाली बघितलं, आणि शेजारच्या धम्मानंदला त्याचा टेम्पो घेऊन यायला सांगितलं. धम्मानंद म्हणाला, “मावशी, ह्यो शिवेचा हाय.” ती म्हणाली, “कुटल्या शिवेचा, ते इचार की त्याला.” तिला पाचवा पांडव हवा होता हे खरं. मला टेम्पोत चढवताना ती गालात हसत होती हेही खरं.

तिनं मला धुतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी कोमट पाण्यानं धुतलं. मग चुना लावला, हळदकुंकू वाहिलं आणि चार भावांच्या शेजारी बसवलं. कोपीत सावली होती, पुढं हरभरा हिरवागार, ज्वारी कणसात आलेली. मला वाटलं, नोकरीत बढती म्हणतात ती हीच असावी.

सकाळी मॅडमची जीप कुंभरग्यात आली. स्वप्नाली मॅडम, कोकणातल्या, नव्यानं बदलून आलेल्या. पुढचं मी जीपचा ड्रायव्हर व्यंकटी याच्या तोंडून ऐकलं. जेवताना तो थांबतच नव्हता. गावात सगळी शटरं खाली. सिटी टेलरच्या पायरीवर शेळी रवंथ करत बसलेली, चौकात एक कुत्रं आडवं, बाकी चिटपाखरू नाही. मॅडमना वाटलं काहीतरी दंगाफसाद झालाय. व्यंकटी उदगीरचा, त्याला सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, “मॅडम, येळवस हाय. समदं गाव रानात.”

“मग हे निघताना नाही का सांगायचं?”

“सांगितलं असतं तर आपुन आलोच नसतो की.”

तो उपाशीपोटी निघाला होता, मुद्दाम.

वस्ती ओलांडली की रस्त्याला लागून पहिली कोप साखराबाईची. जीप तिथंच थांबली, किंवा व्यंकटीच्या पोटानं थांबवली. शेजारचं रान अप्पाचं. सरकारी जीप बघून अप्पा धोतराचा सोगा हातात धरून धावत आला, त्याच्यामागं वीरेश, टेलर, सलूनवाला, अर्धी सिटी. शांतम्मा मागून हाक मारत आली, “बर्री मॅडम, ऊटा माड्री,” आणि मॅडमना ते कानडी कळेना तेव्हा तिनं जेवणाचा घास तोंडाकडे नेऊन दाखवला.

अप्पा कोपीत वाकून शिरला. सवयीनं गुडघे टेकले आणि पांडवांसमोर कपाळ ठेवलं. नेमकं माझ्यावर. वर बघतो तर चुन्याखालून फुली. त्याचा डोळा माझ्या फुलीवर, माझी फुली त्याच्या डोळ्यात. भस्म माझ्या चुन्याला लागलेलं, हात जोडलेले. इतक्या नारळांचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावरून एकदम सरकत गेला. पण पाया पडून झालं होतं. शिवेचा दगड पहारीनं उपटता येतो. पांडव कोण उपटणार?

साखराबाईनं पानं मांडली. जेवण रंगात आलं, तेव्हा मॅडमनी सहज विचारायला सुरुवात केली. वीरेशला विचारलं, काय करता? वीरेश आंबिलीचा घोट घेऊन म्हणाला, शेती. टेलरला विचारलं. शेती की, दुसरं काय. सलूनवाल्याला ज्वारीचं एक धाट नाही, त्यानं साडूच्या रानाकडं बोट केलं. अप्पा खोकला, डोळे मिचकावले, खाली टेकलेल्या हातानं वीरेशच्या मांडीला चिमटा काढला. काही उपयोग नाही. येळवशीच्या दिवशी, रानात बसून, मिशीला आंबिल लागलेली असताना, ‘मी रिचार्ज मारतो’ असं सांगणारा बाप्या अजून या मुलखात जन्मायचा आहे.

मॅडम अप्पाकडे वळल्या. “आणि तुम्ही?”

अप्पाच्या तोंडात भज्जीचा घास होता. समोर त्याचं रान, हरभऱ्यावर ऊन.

“आमी बी शेतकरीच की ओ. आज्ज्याच्या आज्ज्यापासनं.”

बोलून झाल्यावर त्यानं भाकरी पानात ठेवली. मग शांतम्मा हसायला लागली, आणि तिच्यामागं सगळी कोप. व्यंकटीला ठसका लागला. टेलरनं ‘सिटी’ म्हणून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि तोही हसत सुटला. शेवटी अप्पाही हसला, पण एका डोळ्यानं.

साखराबाईनं मॅडमना विचारलं की बायकांना कामून विचारत नाही. मॅडम म्हणाल्या, या मापात पुरुषांचंच काम धरतात, मावशी. साखराबाईनं त्यांच्या पानात आणखी एक उंडा टाकला. “मंग खुरपण कोण करतंय, तुमचं माप?” मॅडमनी उंडा सगळा खाल्ला.

हात धुऊन मॅडम उभ्या राहिल्या. मोबाईलवर नकाशा बघितला, चढावरच्या वस्तीकडं बघितलं. म्हणाल्या, एकच राहिलं. ही वस्ती तुमच्या गावात धरायची की नाही? गाव नक्की कुठवर?

सगळ्यांनी अप्पाकडं बघितलं. साखराबाई चुलीपाशी उभी होती, हातात रिकामं भांडं. तिला हसू येत नव्हतं आता. तिची सून बाहेर लेकराचं तोंड धुवायची थांबली.

“अप्पा,” ती म्हणाली, “सांगा की. आत्ताच पाया पडलाव न्हवं.”

अप्पानं माझ्याकडं बघितलं. माझी छाती धडधडली, आणि लक्षात घ्या, दगडाची छाती आहे ही. ज्याच्या रानात जेवलो त्याला त्याच्याच रानात उभं राहून तू आमचा नाहीस म्हणायचं, तेही येळवशीला, तेही पांडवासमोर. अप्पा टक्का चुकवेल, पण हे त्याच्यानं झालं नसतं.

“हे काय हितं,” तो म्हणाला. “पांडवापातुर गाव.”

झालं. हद्दी गोठल्या. वस्ती आत आली, डोकी पुरली, पण टक्का पार आंबिलीत गेला. पुढं निरोप आला की कुंभरगा मोजणीत गावच राहील. अप्पा चार दिवस दुकानात उदास बसला. पाट्या मात्र कुणी पुसल्या नाहीत. सिटी डेअरीच्या म्हशी आजही ग्रामीण दूध देतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्याच्या योजनेचे लोक आले. गावाच्या हद्दीपर्यंत पाइप न्यायचा होता. हद्द कुठं, असं त्यांनी चौकात विचारलं. अप्पाच्या तोंडातून शब्द निघण्याआधीच टेलर म्हणाला, पांडवापातुर. अप्पानं नुसती मान हलवली. वस्तीत नळ आला त्या दिवशी त्यानं स्वतः येऊन नारळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा साखराबाईला दिला. तिनं चावून बघितला. “आज बरा हाय,” म्हणाली.

मी तेव्हापासून इथंच, तिच्या बांधावर. चुना उन्हानं उडालाय, फुली पुन्हा दिसते. वर्षातून एकदा देव, बाकी दिवस दगड. वाईट सौदा नाही. तुम्हाला गाव म्हणा, शहर म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. फक्त मोजताना ज्याला आत घेतलं त्याला वाटतानाही आतच राहू द्या. मला पुन्हा हलवू नका. वय झालंय, आणि नारळ महाग झालेत.

एक सांगायचं राहिलं. नळ आला त्या संध्याकाळी साखराबाई घागर घेऊन इथवर आली. तिच्या दारच्या नळाची, भरलेली. रानात पाण्याचं काही काम नव्हतं. तिनं ती माझ्या डोक्यावर, त्या खळग्यात बरोबर बसवली, गुडघे चोळले, आणि म्हणाली, “धर रं बाबा जरा.” मग हरभऱ्याच्या रिकाम्या वाफ्याकडं बघत बराच वेळ बसली. उठली तेव्हा घागरीतलं ओंजळभर पाणी माझ्यावर ओतलं आणि घागर घेऊन गेली. परत तिला इथं घागर टेकवावी लागली नाही.

अंगठा थांबला ना दुखायचा? उठा मग. माझ्या डोक्यावर हात टेकून उठलात तरी चालेल. तेवढ्या वजनाची मला सवय आहे.